प्रश्नावलीत विश्वबंधुत्व, बाकावर नक्कल

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या शिक्षिका सातवी-आठवीला सामाजिक शास्त्रं शिकवतात. दोन वर्षांपूर्वी शाळेनं ‘जागतिक नागरिकत्व शिक्षण’ हा उपक्रम हाती घेतला आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. दूरदेशीच्या एका शाळेतल्या मुलांशी व्हिडिओ कॉल, देशोदेशीच्या झेंड्यांचा जागतिक दिवस, त्या शाळेसाठी वह्यापुस्तकांचा निधी, सगळं त्यांनी मनापासून केलं. याच उपक्रमावर त्या पदव्युत्तर पदवीचा लघुशोधप्रबंध लिहीत आहेत. आधी आणि नंतर भरून घेतलेल्या प्रश्नावलीत मुलांचे गुण चांगलेच वाढले. ‘वेगळ्या संस्कृतीतल्या मुलांशी मैत्री करायला मला आवडेल’ या विधानावर तर जवळजवळ सगळा वर्ग ‘पूर्ण सहमत’. आणि त्याच महिन्यात त्यांच्या लक्षात आलं, की परदेशातून स्थलांतर करून आलेल्या कुटुंबातला जो मुलगा वर्गात नवा आला आहे, त्याच्या बोलण्याची नक्कल होते. गटकामात त्याला कुणी घेत नाही. नक्कल करण्यात पुढे आहेत ती प्रश्नावलीत सर्वांत वर असलेली मुलं. प्रबंधाचे मार्गदर्शक म्हणतात, तो प्रसंग तुमच्या विदेत, म्हणजे गोळा केलेल्या माहितीत, बसत नाही, सोडून द्या. मुख्याध्यापकांना एका पुरस्कारासाठी यशाचा अहवाल हवा आहे. काही पालकांचं म्हणणं, आधी आपला देश शिकवा. त्या विचारतात : ‘हे सगळं ढोंगच होतं का? प्रबंधात आकडे लिहू की पाहिलं ते लिहू? आणि पुढच्या महिन्यातल्या जागतिक दिवसाला त्या मुलाला त्याच्या भाषेतलं गाणं म्हणायला सांगितलं तर काही बदलेल का?’

बाई,

(वर्गात आयुष्य गेलेल्या माणसाच्या तोंडी हेच येतं, चालवून घ्या.)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली, ती आधी सांगते. पत्रात प्रबंध आहे, मार्गदर्शक आहेत, मुख्याध्यापक आहेत, पालक आहेत, पुरस्कार आहे. तो मुलगाही आहे, पण पुरावा म्हणून. त्याला काय वाटतं, नक्कल सुरू झाली की तो हसतो की गप्प बसतो, घरी त्यानं काही सांगितलं आहे का, यातलं काहीच पत्रात नाही. तुम्ही निष्काळजी आहात असं मला म्हणायचं नाही. संशोधनाचा चष्मा लागला की चांगल्या शिक्षकालाही असं होतं, माझंही झालं आहे.

म्हणून पहिलं काम प्रबंधाचं नाही. नक्कल थांबवणं, आणि तीही या आठवड्यात. सगळ्या वर्गासमोर प्रवचन नको, त्याची जाहीर माफी मागायला लावणं तर अजिबात नको. त्यानं तो मुलगा आणखी उघडा पडतो. नक्कल करणाऱ्या दोघातिघांना एकेकटं बोलवा. काय पाहिलं ते सांगा आणि हे इथं चालणार नाही, एवढंच म्हणा. चार वाक्यांत संपवा. मग त्या मुलाशी निवांत बोला, पण ‘तुला वाईट वाटतं का’ असं विचारू नका. या वयाची मुलं त्याला ‘नाही’ असंच उत्तर देतात. कधी होतं, कुठे होतं, मधल्या सुट्टीत तो कुणाबरोबर असतो, हे विचारा. भाषा अडत असेल तर दुभाषा म्हणून वर्गातलं मूल बसवू नका. आणि मैदानावर असणाऱ्या सहकाऱ्यांच्या कानावर घाला. तुमच्या तासाला थांबलेली नक्कल मैदानावर दुप्पट होते.

आता ‘ढोंग होतं का’ या प्रश्नाकडे येऊ.

माझं मत उलट आहे. तुमचा उपक्रम यशस्वी झाला. जे शिकवलं गेलं ते मुलं अगदी नीट शिकली. फक्त शिकवलं गेलं ते वेगळंच होतं. दोन वर्षं मुलांनी काय पाहिलं ते त्यांच्या बाजूनं आठवा. आपण देतो, ते घेतात. आपण प्रश्न विचारतो, ते स्वतःबद्दल सांगतात. ते पडद्यावर असतात आणि घंटा झाली की पडदा बंद होतो. दूरच्या माणसाबद्दल कळवळा वाटणं ही भावना खरीच असते, पण तिला अंतर लागतं. नवा मुलगा त्या अंतरावर नाही. त्याला वह्या नकोत. तो शेजारच्या बाकावर बसतो, गणितात कदाचित यांच्या पुढे जाईल, संघात जागा मागेल. तो बरोबरीचा आहे. आणि बरोबरीच्या परक्याशी कसं वागायचं याचा एकही तास तुमच्या दोन वर्षांत झाला नाही. म्हणून प्रश्नावली आणि नक्कल यांत मला विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे तीच मुलं आहेत आणि दोन्हीकडे ती शिकवल्याप्रमाणेच वागली आहेत.

या क्षेत्रात ही शंका जुनी आहे. व्हेनेसा आंद्रेओती या शिक्षणाच्या अभ्यासक. त्यांनी २००६ मध्ये ‘सौम्य’ आणि ‘चिकित्सक’ जागतिक नागरिकत्व शिक्षण असा भेद मांडला. त्या लेखाची सुरुवात त्या एका प्रशिक्षणातल्या प्रसंगानं करतात. गरिबीविरोधी मोहिमेत उतरणाऱ्या तरुणांना सत्राच्या शेवटी डोळे मिटून कल्पना करायला सांगितलं जातं : भव्य दालन, नामवंत पाहुणे, व्यासपीठावर नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी, आणि वर्षातला सर्वोत्तम कार्यकर्ता म्हणून पुकारलं जातं ते तुमचं नाव. मोहीम गरिबांसाठी, स्वप्न मात्र स्वतःच्या सत्काराचं. सौम्य प्रकारात प्रश्न असतो गरिबीचा आणि उत्तर असतं मदतीचं. चिकित्सक प्रकारात प्रश्न असतो विषमतेचा, आणि त्यात आपलाही हात कुठे गुंतला आहे हे विचारावं लागतं. तुमच्या मुख्याध्यापकांचा पुरस्कार मला इथं आठवल्याशिवाय राहिला नाही. असो.

आणखी एक अभ्यास तुमच्या कामाचा आहे. जोएल वेस्टहायमर आणि जोसेफ कान यांनी अमेरिकेतले दहा नागरिकत्व-शिक्षण उपक्रम तपासून २००४ मध्ये ‘नागरिक म्हणजे कोणता नागरिक?’ असा प्रश्न टाकला. त्यांचं उदाहरण सोपं आहे. भुकेल्यांसाठी धान्य गोळा होत असेल तर एक नागरिक धान्य देतो, दुसरा ते गोळा करण्याची व्यवस्था उभी करतो, तिसरा विचारतो की माणसं उपाशी का आहेत. पहिला जबाबदार, दुसरा सहभागी, तिसरा न्यायाचा विचार करणारा. गंमत इथून पुढे आहे. एका प्रकारचं शिक्षण दिलं म्हणजे दुसरा प्रकार आपोआप येत नाही, हे त्यांना दिसलं. सहभाग शिकवणाऱ्या उपक्रमातली मुलं न्यायाचा विचार करतीलच असं नाही, आणि ‘का’ विचारायला शिकलेली मुलं हातपाय हलवतीलच असंही नाही. तुम्ही पहिला प्रकार शिकवलात आणि तिसऱ्याची अपेक्षा धरलीत. आपल्यातले बहुतेक जण हेच करतात.

आता प्रश्नावलीबद्दल. वरचे गुण मिळवणारीच मुलं नक्कल करतात, असं तुम्ही लिहिता. कुणाला किती गुण पडले हे तुम्हाला माहीत आहे, म्हणजे प्रश्नावलीवर नावं होती. मग ती मुलांनी भरली नाही, सोडवली. बाईंना काय आवडतं हे ओळखणं हे शाळेतलं पहिलं कौशल्य, आणि हुशार मुलं त्यात सर्वांत तरबेज. दोन वर्षं तुम्ही त्यांना योग्य उत्तरांची भाषा दिलीत आणि शेवटी तीच भाषा तपासलीत. गुण वाढले ते खरेच आहेत, फक्त ते भाषेचे गुण आहेत.

याबद्दल फार वाईट वाटून घेऊ नका, कारण मोठमोठ्यांनाही हे नीट जमलेलं नाही. युनेस्कोनं २०१५ मध्ये जे मार्गदर्शन प्रसिद्ध केलं त्यात या शिक्षणाच्या तीन बाजू सांगितल्या : बोधात्मक, सामाजिक-भावनिक आणि वर्तनात्मक, म्हणजे कळणं, वाटणं आणि वागणं. पहिली कागदावर तपासता येते, दुसरी विचारता येते, तिसरी पाहावी लागते. २०१८ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांची ‘जागतिक क्षमता’ मोजली गेली तेव्हा लेखी चाचणी २७ देश-प्रदेशांनी घेतली आणि प्रश्नावली ६६ ठिकाणी भरली गेली. मूल खरोखर कसं वागतं हे त्यांनाही पाहता आलं नाही. मुलांनी स्वतःबद्दल जे सांगितलं त्यावरच भिस्त ठेवावी लागली. तुमच्याकडे मात्र त्यांच्याकडे नसलेली गोष्ट आहे. तुम्ही त्या वर्गात रोज असता.

म्हणून मार्गदर्शकांचं म्हणणं मला पटत नाही. प्रसंग विदेत बसत नाही, हेच तर लिहिण्याजोगं आहे. कृतिसंशोधन करणारा माणूस बाहेरून पट्टी घेऊन येत नाही, तो आपलंच काम तपासतो. काम कुठे फसलं हे दिसलं तर त्याच्या कामाची पुढची फेरी तिथूनच सुरू होते. पण ‘पाहिलं ते लिहू’ म्हणजे काय, याचाही विचार करा. एका मुलाचा प्रसंग जसाच्या तसा लिहिलात तर शाळेतल्या कुणालाही तो ओळखू येईल. टोपणनाव दिलं तरीही, कारण असा मुलगा वर्गात एकच आहे. त्याच्या पालकांची आणि त्याची संमती मागणं हाही त्यांच्यावर दबावच. नव्यानं आलेलं कुटुंब शिक्षिकेला नाही कसं म्हणेल? तो मुलगा प्रबंधात नसला तरी चालेल. लिहायचं ते तुमच्या साधनाबद्दल : प्रश्नावलीवर नावं होती, विधानं एकाच दिशेची होती, आणि उपक्रमातला प्रत्येक भाग देणारा-घेणारा या साच्यात होता. कॉलचे तपशील, निधीचं आवाहन, भिंतीवरची चित्रं, हे सगळं तुमच्याकडे असेलच. त्यांचं विश्लेषण करा. कोणत्या वाक्यात ‘आपण’ कर्ता आहे आणि ‘ते’ कर्म, हे मोजा. मराठीच्या बाई शेजारच्याच वर्गात असतील, त्यांना घ्या सोबत. हा प्रामाणिक प्रबंध होईल आणि त्यात कुणाचं मूल टांगलं जाणार नाही.

मुदत असेल तर एक छोटी दुसरी फेरीही करता येईल. निनावी, आणि ‘सहमत-असहमत’ ऐवजी प्रसंग देऊन : गटात तीनच जागा आहेत, चौघे उभे आहेत, तू काय करशील आणि तुझ्या वर्गातले बाकीचे काय करतील? दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मुलं पुष्कळ खरं देतात. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांच्या काळापासून चालत आलेली समाजमिती, म्हणजे कुणाला कुणाबरोबर बसायचं आहे त्याचा नकाशा, हीसुद्धा उपयोगी. पण तो कागद तुमच्या कपाटाबाहेर जाता कामा नये आणि ‘कुणाबरोबर बसायचं नाही’ हा प्रश्न तर विचारूच नका.

मुख्याध्यापकांना दोन अहवाल देऊ नका, एक शोभेचा आणि एक खरा. एकच द्या. आकडे द्या, आणि ते कशाचे आहेत हे त्याच पानावर द्या. सरांना आधाराची भाषा हवी असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांतलं ४.७ दाखवा, याच शिक्षणाबद्दलचं, २०१५ मध्ये सर्व देशांनी मान्य केलेलं. त्याची प्रगती पाहताना धोरणात, अभ्यासक्रमात, शिक्षकांच्या प्रशिक्षणात आणि मूल्यमापनात या विषयाला किती जागा आहे हे पाहिलं जातं. झेंड्यांच्या दिवसाचा त्यात कुठे उल्लेख नाही. ‘सर, पुढच्या वर्षी आपण सगळ्या शिक्षकांसाठी दोन दिवस ठेवू या’ हे त्या अहवालातून निघालं तर पुरस्कार न मिळूनही काम झालं.

पालकांचा आक्षेप तुम्ही एका ओळीत उडवून लावलात, मी तसं करणार नाही. जगाचं नागरिकत्व नावाचं काही कायद्यानं अस्तित्वात नाही, हे युनेस्कोही मान्य करते. राजकीय विचारवंत हाना आरेन्ट यांनी तर स्पष्टच म्हटलं होतं, की माणूस आपल्या देशाचा जसा नागरिक असतो तसा जगाचा असू शकत नाही. हक्क मागायला कुणाच्या तरी दारात जावं लागतं आणि ते दार देशाचं असतं. आपली माती सोडून जगाचं कौतुक करणाऱ्या मुलाची भीती पालकांना वाटत असेल तर ती समजण्यासारखी आहे. त्यांना वर्गात बोलवा, वाद घालायला नको, तास पाहायला. आपल्या देशाचा कायदा, आपली नगरपालिका, आपलं पाणी कुठून येतं, हे ज्या तासाला शिकवलं जातं त्याच तासाला तीच साखळी देशाबाहेर कुठे जाते हे मुलांना शोधायला लावता येतं. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असा क्रम तिथं उरतच नाही.

म्हणजे तास कसा? एक उदाहरण देते. मोबाइलच्या बॅटरीत कोबाल्ट लागतं. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून बरंच जास्त एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतं. मुलांना विचारा : इतकं मौल्यवान काही जमिनीखाली असलेला देश गरीब कसा? पहिली उत्तरं ‘ते आळशी आहेत’, ‘तिथं शिक्षण नाही’ अशीच येतील. येऊ द्या, फळ्यावर लिहा. मग हे कोबाल्ट खाणीतून खिशापर्यंत येईपर्यंत कुणाकुणाच्या हातून जातं, प्रत्येक हाताला काय मिळतं, वसाहतीच्या काळात तिथं काय झालं, हे गटागटांनी शोधू द्या. तासाच्या शेवटी निधी गोळा करायचा नाही. हा मोह आवरा. फळ्यावरची पहिली उत्तरं पुन्हा वाचायची आणि कोणती पुसायची ते मुलांनी ठरवायचं.

याच जागी नव्या मुलाचा प्रश्न पुन्हा येतो, आणि इथं मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती एकत्र आणून पूर्वग्रह जातातच असं नाही, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितलं होतं. दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय सामाईक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी, आणि वरच्यांचा, म्हणजे इथं शाळेचा, पाठिंबा दिसायला हवा. २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले : संपर्कानं पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो, आणि या अटी पाळल्या तर जास्त. तुमचे व्हिडिओ कॉल पहिल्याच अटीला पडतात. पण तुमचा वर्ग पडायलाच हवा असं नाही.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात शाळांमधली वंशभेदाची भिंत नुकतीच पडली होती. गोरी, काळी, हिस्पॅनिक मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट अ‍ॅरन्सन हे मानसशास्त्रज्ञ विद्यार्थ्यांना घेऊन वर्गात जाऊन बसले. त्यांना दिसलं की वर्ग ही एक स्पर्धा आहे : बाईंनी प्रश्न विचारायचा, हात वर, एकाची जीत म्हणजे दुसऱ्याची हार. त्यांनी ती मांडणीच बदलली. धड्याचे सहा तुकडे, गटात सहा मुलं, प्रत्येकाकडे एकच तुकडा. बाकीचे पाच तुकडे ज्यानं त्यानं सांगितल्याशिवाय मिळायचेच नाहीत, आणि शेवटी परीक्षा सगळ्यांची सगळ्यावर. यालाच जिगसॉ पद्धत म्हणतात. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या एका मुलाची पाळी आली तेव्हा बाकीचे त्याची टर उडवू लागले. तिथं असलेल्या सहायिकेनं त्यांना रागावलं नाही. हवं तर हसा, पण त्यानं हा भाग तुम्हाला कळणार नाही, आणि परीक्षा थोड्याच वेळात आहे, एवढीच आठवण तिनं दिली. काही दिवसांत तीच मुलं त्याला नेमके, सोपे प्रश्न विचारायला शिकली. आणि नेमके प्रश्न मिळाल्यावर हा वाटतो तितका मठ्ठ नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

कोबाल्टचा तास असा घ्या. फक्त एक पथ्य पाळा : नव्या मुलाच्या वाट्याला ‘त्याच्याकडचा’ तुकडा देऊ नका. त्याला बाजारभावाचा द्या, बॅटरीच्या रसायनाचा द्या. माणसं देश का सोडतात, हाही तुमच्या विषयाचा भाग आहे आणि तो शिकवायलाच हवा, पण त्याच्या कुटुंबाची गोष्ट पाठ्यपुस्तक म्हणून वापरून नव्हे. तो वर्गात त्याच्या देशाचा प्रतिनिधी म्हणून आलेला नाही. आणि हे सगळं एका तासात होईल असंही समजू नका. सहा-आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, गट न बदलता. सुरुवातीला गोंधळ होईल, मुलं ‘त्याला आमच्या गटात नको’ म्हणतील. गट तुम्ही ठरवायचे. तिथं लोकशाही नको.

शिक्षकांच्या खोलीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. तिथं त्या मुलाच्या उच्चारावर कुणी हसतं का, हे मात्र बघा. आसपासच्या माणसांना काय मान्य आहे यावर महाविद्यालयीन विद्यार्थी स्वतःला जगाचे नागरिक मानतात की नाही हे बरंचसं ठरतं, असं २०१३ मधला एक मानसशास्त्रीय अभ्यास सांगतो. तो नसता तरी तुम्हाला-मला ते ठाऊक होतंच.

राहिला जागतिक दिवस. रद्द करू नका, मुलं त्याची वाट पाहत असतात. पण रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाची जी आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग म्हटलंच नाही. वापरून घेणं, सजावट म्हणून उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं, या त्या तीन. त्याच्या भाषेतलं गाणं तुम्ही ठरवलंत तर तो दुसऱ्या पायरीवर उभा राहील, तेही ज्या मुलांनी त्याच्या बोलण्याची नक्कल केली त्यांच्यासमोर. माइक हातात घेऊन.

त्याऐवजी कार्यक्रमाच्या कामांची यादी सगळ्या वर्गासमोर फळ्यावर लिहा : सूत्रसंचालन, ध्वनी, खुर्च्या, पडदा, फलक, वेळ सांभाळणं, गाणी. सगळ्यांना निवडू द्या, त्यालाही. गाणंच हवं असेल तर तो सांगेल. पडदा ओढायचा आहे म्हणाला, तर दोरी त्याच्या हातात द्या आणि तालमीला वेळेवर यायला सांगा.